मॉर्फिनचा पुढचा साठा वेळेत कसा मिळवावा: कर्करुग्णाच्या घरच्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन सुरू झाले की पहिली चिठ्ठी बहुधा सुरळीत पार पडते, कारण त्या दिवशी डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक असे सगळेच समजावून सांगायला हजर असतात. घोळ होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. शनिवारी रात्री पट्टीत दोनच गोळ्या उरल्याचे लक्षात येते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हे औषध मिळत नाही आणि बाह्यरुग्ण विभाग सोमवारी उघडणार असतो. माझ्या आईच्या आजारपणात असा एक रविवार आम्ही काढला आहे. त्यानंतर ओळखीच्या अनेक घरांतल्या औषधाच्या वह्या पाहिल्यावर माझे मत पक्के झाले, की औषध अडते ते रुग्णालयाच्या औषध खिडकीवर किंवा कायद्यामुळे क्वचितच. त्याआधी आठवडाभर घरातला हिशेब चुकलेला असतो. म्हणून या लेखात हिशेबाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

गोळीची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. खालील आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून दिलेली उदाहरणे आहेत, त्यांवरून आपल्या रुग्णाची मात्रा ठरवू नये.

१. आपले औषध कोणत्या नियमाखाली येते ते आधी ओळखावे

औषधाच्या पट्टीवरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘NRx’ (एनआरएक्स) असे छापलेले असेल, तर ते औषध एनडीपीएस कायद्याखाली, म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याखाली येते. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ म्हणून अधिसूचित झाली. ही औषधे ठेवण्यासाठी रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून, ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ अशी मान्यता घ्यावी लागते. व्यवहारात मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात त्या अशाच केंद्रांच्या औषध खिडकीवर, विशेषतः जिथे वेदनाशमन किंवा परिहारक (पॅलिएटिव्ह) उपचार विभाग आहे तिथे. गावातल्या दहा मेडिकलमध्ये चिठ्ठी फिरवण्यात दिवस घालवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

ट्रामाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते सामान्य औषध दुकानात मिळते, पण २०१८ पासून तेही एनडीपीएस कायद्याखाली आलेले आहे आणि त्याआधीपासून ते औषध नियमांतल्या अनुसूची ‘एच-१’ या यादीत आहे. त्यामुळे दुकानदाराला डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. दुकानदार ताजी चिठ्ठी मागतो याचा अर्थ तो आपल्यावर संशय घेतो असा नाही, हे ध्यानात ठेवले तर काउंटरवरचे बरेच वाद टळतील.

*तपासा:* औषध देणाऱ्या केंद्राचे नाव, औषध खिडकीचे दिवस व वेळ आणि सुट्टीच्या दिवशी फोन कोणाला करायचा, या तीन गोष्टी घरात सर्वांना दिसतील अशा ठिकाणी लिहून लावल्या आहेत का?

२. कागदपत्रांची एकच फाइल करावी

रुग्णालयाचे केसपेपर, आजाराचे निदान सांगणारा अहवाल, मागच्या सगळ्या चिठ्ठ्या, मूत्रपिंडाच्या कार्याचा अलीकडचा अहवाल, रुग्णाच्या ओळखपत्राची प्रत आणि औषध आणायला जाणाऱ्या नातेवाइकाच्या ओळखपत्राची प्रत, एवढे एका फाइलमध्ये असले की पुरे. पहिल्या तपासणीनंतर बरीच केंद्रे प्रत्येक वेळी रुग्णाला आणण्याचा आग्रह धरत नाहीत, पण नातेवाईक नेमका कोण येणार याची नोंद त्यांना हवी असते. त्यामुळे एक नव्हे, दोन व्यक्तींची नावे पहिल्याच भेटीत नोंदवून घ्यावीत. एकटा मुलगा औषध आणत असेल आणि तोच तापाने आडवा झाला तर काय करायचे, हा प्रश्न त्या दिवशी सोडवता येत नाही.

३. गोळ्यांचा हिशेब उलटा मांडावा

समजा, डॉक्टरांनी साधी, म्हणजे लवकर विरघळणारी, १० मिलिग्रॅमची मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी लिहून दिली आहे: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता एकेक गोळी, आणि रात्री मध्येच उठावे लागू नये म्हणून दहा वाजता दोन गोळ्या. दिवसाला सहा गोळ्या झाल्या. चौदा दिवसांच्या ८४. चिठ्ठीवर ८४ लिहिलेले असते, खिडकीवर ८४ मिळतात आणि घरचे निश्चिंत होतात.

या हिशेबात राहून जातो तो मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठीचा जादा डोस. हा डोस बहुधा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सुमारे एक षष्ठांश असतो, म्हणजे या उदाहरणात एक गोळी. रुग्णाला दिवसातून सरासरी दोनदा तो लागत असेल, तर रोजचा खर्च सहाचा नव्हे, आठ गोळ्यांचा होतो. सोमवारी सकाळी सुरू केलेल्या ८४ गोळ्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी रात्रीपर्यंत पुरायला हव्यात, पण त्या त्याच आठवड्याच्या गुरुवारी दुपारी संपतात. पुढची तारीख सोमवारची असते. मधल्या साडेतीन दिवसांत ज्या घरांची त्रेधा उडते, त्यांतल्या बहुतेकांनी काहीही जास्त दिलेले नसते. चिठ्ठीच अपुरी लिहिली गेलेली असते, आणि तसे होते कारण जादा डोस किती लागतात हे डॉक्टरांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून हिशेब पुढील क्रमाने करावा.

अ) गेल्या सात दिवसांत प्रत्यक्ष किती गोळ्या गेल्या ते वहीतून मोजावे आणि सातने भागावे. चिठ्ठीवरचा आकडा इथे धरायचा नाही.

आ) त्या रोजच्या खर्चाला पाचाने गुणावे. आपल्या उदाहरणात आठ पंचे चाळीस. हा आपला ‘इशारा साठा’ झाला. डबीत ४० गोळ्या उरल्या की त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा, पुढची तारीख कधीही असो. लांबच्या गावाहून जाणाऱ्यांनी पाचाऐवजी सात दिवस धरावेत.

इ) पंचांग किंवा दिनदर्शिका समोर घेऊन औषध संपण्याच्या दिवसापासून मागे यावे. मध्ये रविवार, दिवाळीची जोडून आलेली सुट्टी, गणेशोत्सवातील विसर्जनाचा दिवस किंवा मतदान येत असेल, तर तेवढे दिवस आणखी मागे सरकावे.

ई) गोळ्या आठवड्यातून दोन ठरावीक वारी, एकाच व्यक्तीने मोजाव्यात आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा.

*इशारा:* गोळ्या पुरवून वापरण्याचा मोह रुग्णालाच सर्वांत जास्त होतो. “आजचं मी सोसते, तू नको धावपळ करूस,” असे आई म्हणायची आणि दुपारची गोळी उशीखाली ठेवायची. मॉर्फिन घड्याळाप्रमाणे दिले तरच वेदना ताब्यात राहते. चुकवलेल्या डोसमुळे वेदना उसळते, ती शमवायला जादा डोस लागतात, आणि शेवटी वाचलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त खर्ची पडतात. शिवाय कित्येक आठवडे चालू असलेले मॉर्फिन एकदम बंद पडले, तर वेदनेबरोबर घाम, जुलाब, अस्वस्थता, अंगदुखी अशी लक्षणेही उद्भवतात.

४. डॉक्टरांसमोर नेण्यासाठी वेदनेची नोंद ठेवावी

साधी दोनशे पानी वही पुरते. पानावर पाच रकाने आखावेत: वेळ, दिलेली गोळी, नियमित की जादा, देण्यापूर्वी वेदना शून्य ते दहापैकी किती, आणि तासाभराने किती. खाली शौचाला झाले की नाही याची एक ओळ असावी. रुग्णाला आकड्यांत सांगणे जमत नसेल, तर ‘थोडी, मध्यम, असह्य’ असे लिहिले तरी चालते.

‘दुखते खूप’ एवढ्या एका वाक्यावर डॉक्टर मात्रा ठरवू शकत नाहीत. जादा डोस रोज तीनपेक्षा जास्त वेळा लागतो, किंवा कूस बदलताना आणि ड्रेसिंगच्या वेळीच लागतो, असे वहीत दिसले तर त्यांचा निर्णय वेगवेगळा असू शकतो. पहिल्या प्रकारात नियमित मात्रा वाढवण्याचा विचार होईल, दुसऱ्यात ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी डोस देण्यास सांगितले जाईल. जादा डोसांची संख्या वाढत चालली असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा.

५. भेटीचा दिवस: खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी चिठ्ठी वाचावी

फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवर चिठ्ठी मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार एनडीपीएस कायद्याखालील औषधे दूरसल्ल्याने लिहून देता येत नाहीत. फोनवर सल्ला मिळू शकतो, पण चिठ्ठीसाठी कोणीतरी प्रत्यक्ष जावेच लागते.

डॉक्टरांना आधी वही आणि उरलेल्या गोळ्यांचा आकडा द्यावा, मग इतर तक्रारी सांगाव्यात. उरलेल्या गोळ्या लपवू नयेत. जास्त उरल्या असतील तर त्याचे कारण, म्हणजे उलटी होते, झोप फार येते किंवा रुग्ण गोळी घ्यायलाच घाबरतो, डॉक्टरांना कळणे आवश्यक असते. सध्या चालू असलेली झोपेची गोळी, फिट्सची किंवा नसांच्या दुखण्याची औषधे आणि मद्यपान यांविषयीही स्पष्ट सांगावे, कारण मॉर्फिनबरोबर यांची गुंगी वाढते. लघवी कमी झाली असेल तर ती गोष्ट सर्वांत आधी सांगावी, कारण मूत्रपिंड मंदावले की मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात.

चिठ्ठी हातात आली की तिथेच उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात: तारीख, रुग्णाचे पूर्ण नाव व पत्ता, औषधाचे नाव, प्रत्येक गोळीचे मिलिग्रॅम, गोळी साधी की हळूहळू विरघळणारी, वेळा, किती दिवसांसाठी, एकूण गोळ्या, जादा डोससाठीच्या गोळ्यांचा वेगळा उल्लेख, आणि डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक. एकूण संख्या अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहून द्यावी, अशी नम्र विनंती करावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, मात्रा आणि एकूण प्रमाण लागतेच. त्याच नियमात असेही आहे, की चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर तीच चिठ्ठी दाखवून दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. जुनी चिठ्ठी झेरॉक्स करून नेणारे नातेवाईक रिकाम्या हाती परततात ते यामुळे. चिठ्ठीवर स्वतः खाडाखोड करणे किंवा आकडा ‘दुरुस्त’ करणे तर कधीच करू नये. तो गुन्हा ठरू शकतो आणि केंद्राचा आपल्यावरचा विश्वास उडतो तो वेगळाच.

*तपासा:* चिठ्ठीत बद्धकोष्ठावरचे औषध आहे का? मॉर्फिनची मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहते. रेचकाची गोळी साध्या दुकानात मिळते, म्हणून ‘नंतर घेऊ’ म्हणत ती दुसऱ्या खेपेपासून गळून पडते. चार-पाच दिवस पोट साफ न झालेला रुग्ण मग मॉर्फिनच नको म्हणू लागतो, आणि दोष त्या बिचाऱ्या औषधावर येतो.

६. औषध खिडकीवर: मोजल्याशिवाय हलू नये

गोळ्या खिडकीसमोरच, देणाऱ्या व्यक्तीच्या देखत मोजाव्यात आणि मगच नोंदवहीत सही करावी. काही केंद्रांत मागच्या रिकाम्या पट्ट्या परत मागतात, म्हणून त्या फेकू नयेत. नंतर पट्टीवरचे मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहावे.

*इशारा:* या संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत घातक चूक इथे होते. मागच्या वेळी १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या होत्या, यावेळी ३० च्या मिळाल्या, आणि घरी सवयीप्रमाणे ‘रात्री दोन’ दिल्या गेल्या, तर रुग्णाला २० ऐवजी ६० मिलिग्रॅम जाते. साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी या दोन्ही सारख्याच मिलिग्रॅमच्या असू शकतात, पण पहिली चार-चार तासांनी द्यायची असते, दुसरी बहुधा बारा तासांनी. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून घेतली, तर बारा तासांचे औषध एकदम शरीरात जाते. नाकातल्या नळीतून अन्न देत असल्यास हे डॉक्टरांना आधीच सांगावे. पट्टी बदललेली दिसली की त्याच क्षणी विचारावे आणि नव्या पट्टीवर मार्करने ठळक लिहावे: किती मिलिग्रॅमची, किती वाजता, किती.

७. घरी आणल्यावर

गोळ्या कुलूपबंद डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात आणि किल्ली दोघांकडे असावी. घरकामाला येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे किंवा शेजारीपाजारी या औषधाची चर्चा करू नये. दिवसभराच्या गोळ्या सकाळीच खणांच्या डबीत काढून ठेवल्या, तर दुहेरी डोसची चूक टळते.

ट्रामाडॉलवरून मॉर्फिनवर आणलेल्या रुग्णाचे ट्रामाडॉल बंद करायचे आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. जुन्या पट्ट्या घरात असतात आणि आजोबांना ‘ती पांढरी गोळी चांगली लागू पडायची’ म्हणून दोन्ही चालू राहतात. त्या पट्ट्या वेगळ्या काढून डॉक्टरांना दाखवाव्यात. ट्रामाडॉलच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलही असते, त्यामुळे वेगळे पॅरासिटामॉल चालू असेल तर तेही मोजणीत यायला हवे.

फेंटॅनिलचा त्वचेवर लावायचा पॅच असेल, तर लावल्याची तारीख व वेळ त्यावरच पेनाने न लिहिता शेजारी चिकटपट्टीवर लिहावी. तो साधारणपणे ७२ तासांनी बदलतात, आणि नवा लावण्यापूर्वी जुना काढलाच पाहिजे. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध वेगाने शोषले जाते.

*इशारा:* रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ किंवा थांबत-थांबत चालत असेल, हातपाय झटके देत असतील, तर पुढचा डोस न देता लगेच केंद्राला फोन करावा. तो न लागल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची पट्टी व वही बरोबर न्यावी.

८. साठा कमी पडला, हरवला किंवा गाव बदलले तर

केंद्रांना आपल्या वार्षिक गरजेचा अंदाज आधी कळवावा लागतो आणि खरेदीची कागदपत्रे सांभाळावी लागतात, त्यामुळे कधीकधी खिडकीवरच साठा नसतो. ‘इशारा साठा’ असताना फोन केलेला असेल, तर केंद्राला दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडे पाठवण्यासाठी, किंवा डॉक्टरांना पर्यायी औषध योग्य प्रमाणात बदलून देण्यासाठी वेळ मिळतो. हे बदल घरी अंदाजाने करू नयेत. ‘आमच्याकडे उरल्यात, तुम्ही घ्या’ म्हणून दुसऱ्या रुग्णाच्या घरून गोळ्या घेणे आपुलकीतून होत असले, तरी कायद्याने चालत नाही. नियमांनुसार रुग्णासाठी एका वेळी जेवढे औषध दिले गेले, तेवढेच आणि त्याच्याच वापरासाठी जवळ बाळगता येते.

गोळ्या हरवल्या किंवा चोरीला गेल्या, तर त्याच दिवशी केंद्राला कळवावे, चोरी असल्यास पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत फाइलला लावावी. दोन दिवसांनी सांगितलेली खरी गोष्टही खोटी वाटू लागते.

मुंबईतल्या परळला उपचार सुरू झालेला रुग्ण सांगलीला किंवा सिंधुदुर्गात घरी परततो तेव्हा निघण्यापूर्वीच मूळ केंद्राकडून संदर्भपत्र घ्यावे. त्यात निदान, सध्याची मात्रा, जादा डोस आणि शेवटचे औषध कोणत्या तारखेला व किती दिले, हे असावे. घराजवळचे कोणते केंद्र मॉर्फिन ठेवते हे तिथल्याच समाजसेवकाला विचारावे आणि नव्या केंद्रात साठा शिल्लक असतानाच नाव नोंदवावे. दोन्हीकडून एकाच वेळी औषध घेणे टाळावे.

प्रवासात औषध मूळ पट्टीत, चिठ्ठीच्या प्रतीसह, हातातल्या बॅगेत असावे. परदेशी मुलांकडे जाताना त्या देशाची पूर्वपरवानगी लागू शकते. संयुक्त अरब अमिरातीत तर ट्रामाडॉलही नियंत्रित आहे, त्यामुळे दुबईला जाण्यापूर्वी तिथल्या सरकारची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. कुरिअरने अशा गोळ्या पाठवू नयेत.

९. औषध बदलले किंवा उरले तर

मात्रा बदलल्यामुळे किंवा रुग्ण गेल्यामुळे उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत. प्रथम मोजून आकडा वहीत लिहावा, मग आपले केंद्र त्या परत घेते का ते विचारावे आणि घेत असल्यास दिल्याची पोच मागावी. परत देण्याची सोय नसेल, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत कचऱ्यात न टाकता शौचालयात सोडून द्यावीत अशा १७ औषधांची यादी दिली आहे, आणि मॉर्फिन, फेंटॅनिल व ट्रामाडॉल तिन्ही त्या यादीत आहेत. वापरलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असते, म्हणून तो चिकट बाजू आत करून दुमडावा आणि लहान मूल किंवा कुत्रा-मांजर पोहोचेल अशा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. रिकाम्या पट्ट्यांवरचे रुग्णाचे नाव खोडून टाकावे, पण वही आणि चिठ्ठ्यांची फाइल मात्र केंद्रातली नोंद बंद होईपर्यंत जपून ठेवावी.